भिंतीलगतची फेरी

"काचा खाली कर. एसी बंद. आणि आता कुणी बोलायचं नाही," असं म्हणून हे लेकीच्या शेजारच्या सीटवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले.

फाटकापाशी उभे असलेले दोघेही लगेच चिडीचूप झाले. एरवी ह्या दोघांना गप्प करणं म्हणजे महाकठीण काम. एक दातांचा डॉक्टर. आठवडाभर लोकांची तोंडं उघडी ठेवून स्वतःच बोलत असतो, ती सवय रविवारीही जात नाही. दुसरा बँकेतला. त्याला सगळे मायलेज म्हणतात, कारण त्याची गाडी लिटरमागे किती पळते हे तो न विचारता सांगतो, आणि दर वेळी आकडा थोडा वाढलेला असतो. दर रविवारी सकाळी ही मंडळी आमच्या अंगणात खुर्च्या टाकून बसतात. टायरमध्ये साधी हवा भरावी की नायट्रोजन, सर्व्हिसला कंपनीकडे जावं की कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे, बॅटरीवरची गाडी आत्ताच घ्यावी की अजून थांबावं, हेच ते प्रश्न आणि हीच ती भांडणं. चहा माझा. कप विसळायचेही मीच. मी तोंडावर बोलून दाखवते, ते हसून ऐकून घेतात, आणि पुढच्या रविवारी पुन्हा हजर.

खुर्च्या मात्र चार मांडल्या जातात. चौथी ड्रॉइंगमास्तरांची. मास्तर गल्लीच्या त्या टोकाला राहायचे. मागच्या वर्षी घाट उतरताना एका वळणावर त्यांची गाडी खाली गेली, आणि मास्तर गाडीसकट गेले. त्यांच्या बायकोला भेटायला आम्ही गेलो तेव्हा हे तिला म्हणाले होते, "वहिनी, गाडीत काही दोष नव्हता. आदल्याच रविवारी मी स्वतः ऐकली होती." ह्यांनी म्हटल्यावर कोण शंका घेणार? मग लोकांनी ठरवलं, मास्तरांना डुलकी लागली असणार. ती बिचारी तेच धरून बसली. 'मी आदल्या रात्री त्यांना जागवायला नको होतं,' असं ती अजून म्हणते, समोर कुणीही असो. तेव्हापासून त्या खुर्चीत कुणी बसत नाही. एकदा मी तिच्यावर कपड्यांची बादली ठेवली, तर ह्यांनी ती उचलून खाली ठेवली.

तर, ऐकणं. आमच्या गल्लीच्या एका बाजूला गोदामाची लांबच लांब भिंत आहे. गाडी त्या भिंतीला खेटून, माणूस चालेल इतक्या हळू न्यायची. गाडीचा आवाज भिंतीवर आपटून परत येतो, आणि बॉनेट उघडून जे दिसत नाही ते कानाला सापडतं. ही ह्यांची पद्धत. ह्यांची सगळी नोकरी कापडगिरणीत फिटर म्हणून गेली. सूत कातणाऱ्या शेकडो चात्या एकदम गरगरत असायच्या, आणि त्यातली कुठली बिघडणार आहे हे ह्यांना चालता चालता कळायचं. गिरणी बंद पडली, कान राहिला. आता कुणाला जुनी गाडी घ्यायची असो नाहीतर लांबच्या प्रवासाला निघायचं असो, आधी भिंतीलगत फेरी. हे 'ठणठणीत' म्हणाले की झालं, मग मेकॅनिक काय म्हणतो ते कुणी विचारायलाही जात नाही.

नवीन माणूस आला की त्याला हे ब्रेकची गोष्ट हमखास सांगतात. ब्रेकच्या पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. पॅड झिजत आलं की ती जीभ चाकाच्या चकतीला घासते आणि चिरकते. "बिचारी ओरडून सांगते हो," हे म्हणतात, "ज्यानं ऐकलं तो वाचला." मला ते वाक्य कधीच आवडलं नाही.

लेकीची गाडी भिंतीच्या कडेनं सरकत गेली. मी पायरीवर कपडे वाळत घालत होते. तान्ही नात आत झोपली होती. दुपारी दोघी घाट ओलांडून परत जाणार होत्या, जावई दौऱ्यावर आणि लेकीला दुसऱ्या दिवशी ऑफिस. टोकाला पोचल्यावर लेकीनं ब्रेक लावला, आणि चीं असा बारीक, लांबलचक आवाज आला. पाटीवर नख ओढावं तसा. माझे दात आंबले. डॉक्टरनं मान वळवली. मायलेजनं भुवई वर केली. आणि मग दोघंही ह्यांच्याकडे बघू लागले.

ह्यांचे डोळे मिटलेले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

हा आवाज आपल्या ओळखीचा आहे असं मला वाटलं. कुठे ऐकला ते काही केल्या आठवेना.

गाडी परत फाटकाशी आली. हे उतरले. "फॅनबेल्ट किंचित सैल आहे. मागे डिकीत काहीतरी लाकडी खुळखुळतंय. बाकी गाडी ठणठणीत."

"डिकीत बाळाची खेळणी आहेत, लाकडी," लेक हसत म्हणाली. "कमाल आहे बाबा तुमची. पण ब्रेक लावल्यावर ते चीं चीं होतंय, ते कसलं?"

हे तिच्याकडे बघत राहिले. क्षणभरच.

"धूळ," ते म्हणाले. "चकतीवर धूळ बसली की होतं. दोन-चार ब्रेक लागले की जाईल."

"हो हो, धूळच," डॉक्टर म्हणाला. "माझ्याही गाडीला होतं मधूनमधून."

"रस्त्यांची कामं किती चाललीयेत सगळीकडे," मायलेजनं जोड दिली. "आणि धुळीनं मायलेजही पडतं, बरं का."

त्या क्षणभरात मी ह्यांचा चेहरा पाहिला होता. वर्गात प्रश्नच न समजलेला मुलगा जसा मान डोलावतो ना, तसा. आणि मग गेल्या काही दिवसांतलं एकेक आठवायला लागलं. परवा नातीचं अंग कोमट लागलं म्हणून हे थर्मामीटर लावून बसले होते, "अजून वाजला नाही" म्हणत. तो कधीचा वाजून गेला होता. मी म्हटलं होतं, लक्ष कुठे असतं तुमचं? बोलणं, खुळखुळ सगळं त्यांना ऐकू येत होतं, बारीक चिरका आवाज तेवढा निसटत होता. माझा आवाज मुळातच मोठा. माझी आई म्हणायची, ह्या पोरीला फोनची गरजच नाही. मी हाक मारली की ह्यांना ऐकू जायचंच, त्यामुळे घरात कुणाला संशय यायचं कारणच नव्हतं.

मी पायरीवरूनच म्हटलं, "अहो, जाता जाता गॅरेजवाल्याला एकदा दाखवू या का?"

"गॅरेजवाला डोळ्यांनी बघेल. मी कानांनी बघितलंय," हे म्हणाले. "तू आपली कपडे वाळत घाल."

सगळे हसले. लेकसुद्धा. मला असा संताप आला की चादर मी दोनदा झटकली. पण चारचौघांत कसं म्हणायचं, की तुम्हाला ऐकू आलेलं नाही? ह्या माणसाकडे दुसरं होतं काय? पेन्शन बेताची, शेडमध्ये एक म्हातारी गाडी, आणि रविवारी चार माणसांनी डोळे मिटून टाकावा असा विश्वास. मी लेकीला आत बोलावून सांगितलं, "मला तो आवाज बरा वाटत नाही. दाखवूनच जा."

"आई, बाबांनी ऐकलंय ना? मग झालं," ती बाळाच्या बाटल्या भरत म्हणाली. "तुझं आपलं काहीतरीच."

जेवणं झाली. डॉक्टर आणि मायलेज घरी जाऊन जेवून परत आले, कारण नायट्रोजनचं भांडण अर्धवट राहिलं होतं. लेकीनं घाईघाईत फ्रीजमधून दूध घेतलं, बाळाला मागच्या सीटवर बांधलं, आणि निघाली. गल्लीच्या टोकाला वळायच्या आधी तिनं ब्रेक लावला. भिंतीनं तो आवाज आमच्यापर्यंत आणून सोडला. मग गाडी वळली आणि गल्ली रिकामी झाली.

मी जरा वेळ फाटकाशीच उभी राहिले. आत आले तर स्वयंपाकघरात फ्रीज ओरडत होता. लेक दार नीट न लावता गेली होती. टीं टीं टीं, डोकं उठवणारा आवाज. हे फ्रीजला पाठ लावल्यासारखे टेबलापाशी बसले होते आणि नातीच्या लाकडी बदकाचं निखळलेलं चाक बसवत होते. अगदी निवांत.

मी बोलले नाही. नुसती बघत उभी राहिले.

मी गप्प आहे म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे त्यांना इतक्या वर्षांत कळून चुकलंय. त्यांनी वर बघितलं. मग मान वळवून मागे बघितलं, फ्रीजच्या उघड्या दाराकडे, आतल्या दिव्याकडे. बदक हातातच राहिलं.

"वाजतोय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कधीपासून?"

"ती गेल्यापासून."

ते उठले. दार लावलं. आवाज थांबला, तो माझ्यासाठी. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच बदललं नाही. दारावर हात तसाच ठेवून ते म्हणाले, "आणि तिच्या गाडीचा तो आवाज? तो खरंच येत होता?"

"सगळ्यांना आला."

ते अनवाणीच बाहेर गेले. अंगणात ते दोघं हातवारे करत होते. "सकाळी ब्रेकचा आवाज कुणाला आला?" ह्यांनी विचारलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. "आला की," मायलेज म्हणाला. "चांगला मोठा होता. पण काका, तुम्ही काही म्हणाला नाहीत. म्हटलं, तुम्ही ऐकलाच असेल, म्हणजे काही नसेल."

"मीही तेच धरून चाललो," डॉक्टर म्हणाला.

"मला आला नाही," हे म्हणाले. "डॉक्टर, गाडी काढा."

लेकीचा फोन लागत होता, पण ती उचलत नव्हती. उचलणारच नव्हती. गाडी चालवताना फोन मागच्या सीटवर बॅगेत टाकायचा, ही शिस्त तिला ह्यांनीच लावलेली. फोन लावत राहा म्हणून मायलेजला अंगणात बसवलं आणि मी डॉक्टरच्या गाडीत मागे बसले. हे म्हणाले, तू कशाला, तर मी म्हटलं, माझी पोर आहे ती. डॉक्टर एरवी आपल्या गाडीच्या काचेच्या छपराबद्दल तासभर बोलू शकतो. आज तो नुसता एकेक गाडी मागे टाकत होता. पुढे ह्यांनी सवयीनं काच खाली केली होती, आणि वाऱ्याकडे कान करून बसले होते. काय ऐकत होते देव जाणे.

मी प्रत्येक वळणावर तिची लाल गाडी शोधत होते. कुठे गर्दी दिसली की मी काचेबाहेर मान काढायची. लांबवर घाटाची पहिली चढण दिसायला लागली, आणि तेव्हाच मला आठवलं.

मास्तर. त्यांचा शेवटचा रविवार. भिंतीलगत फेरी झाली, ह्यांनी ठणठणीत म्हणून सांगितलं, आणि मास्तर निघाले. फाटकाशी त्यांनी ब्रेक लावला, तेव्हा हाच आवाज आला होता. मी पायरीवर होते. मास्तरांनी काच खाली करून मला म्हटलं होतं, "वहिनी, बघा, माझी गाडी गायला शिकली." मीही हसले होते. गाडीतलं मला काय कळतंय? आणि ज्यांना कळतं ते तर शेजारी उभे राहून त्यांना हात करत होते.

पुढच्या सीटवरचं ह्यांचं टक्कल मला दिसत होतं. हे जर त्यांना कळलं, तर हा माणूस जगायचा नाही, असं माझ्या मनात आलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

घाटाच्या पायथ्याशी पेट्रोलपंप आहे. तिथे हवा भरायच्या नळीपाशी लाल गाडी उभी होती, आणि लेक वाकून टायर बघत होती. चढण लागायच्या आधी हवा तपासायची, हीसुद्धा ह्यांचीच शिस्त. डॉक्टरनं गाडी पूर्ण थांबवायच्या आतच मी दार उघडलं.

"अगं आई, तू? काय विसरलं माझं?" ती म्हणाली. मी तिच्या हातातून किल्ली काढून घेतली.

पंपाच्या मागे पंक्चरवाल्याचं दुकान होतं. त्याला ब्रेकचंही काम यायचं. त्यानं पुढचं चाक उतरवलं, आतलं पॅड काढलं आणि फडक्यावर ठेवलं. पॅड कसलं, नुसता पत्रा उरला होता. चकतीवर गोल गोल ओरखडे पडले होते.

"लोखंडावर लोखंड घासतंय," तो म्हणाला. "चढताना काही वाटलं नसतं. पण पलीकडे उतरताना पाय दाबला असता ना ताईंनी, तर..." त्याची नजर मागच्या सीटवरच्या बाळाकडे गेली आणि तो थांबला. मग चिडून म्हणाला, "इतका आवाज करतं हे. निघताना गाडी बघितली होती कुणी?"

लेक खाली बघायला लागली. डॉक्टरनं घसा खाकरला.

"मी," हे म्हणाले.

पंक्चरवाल्यानं एकदा ह्यांच्याकडे बघितलं, अनवाणी पायांकडे बघितलं, आणि दुसरं चाक उतरवायला घेतलं. लेकीनं बाळाला उचलून इतकं घट्ट धरलं की ते रडायला लागलं. हे ते पॅड हातात घेऊन उलटसुलट करत होते. त्याची ती पत्र्याची जीभ त्यांनी नखानं चाचपली. झिजून झिजून अर्धी झाली होती.

नवीन पॅड बसवून आम्ही सगळे परत आलो. लेकीनं ऑफिसात कळवलं, उद्या सकाळी निघते म्हणून. ती बाळाला घेऊन आडवी झाली. डॉक्टर आणि मायलेज चहा न घेताच गेले. जाताना दोघंही अंगणात घुटमळले.

संध्याकाळी हे फोन घेऊन टेबलापाशी बसले. मी भांडी घासत होते. त्यांना माणसांची नावं राहत नाहीत, पण गाड्या सगळ्या पाठ. "नमस्कार. तुमची पांढरी गाडी मी बघून दिली होती, मागचं दार जड लागायचं ती. उद्याच्या उद्या ब्रेक तपासून घ्या. नाही, माझ्याकडे नको. दुसऱ्या कुणाकडून. मला ऐकू येत नाही." मग पुढचा फोन. "ती करडी गाडी, गिअरला अडखळणारी. हो. ब्रेक बघून घ्या. मला ऐकू येत नाही." कुणी पलीकडून काय विचारत होतं कोण जाणे, हे प्रत्येकाला तेच शेवटचं वाक्य सांगत होते, आवाज न चढवता, न उतरवता. माझा जीव तुटत होता. बास करा, उद्या करा, असं ओठांवर आलं होतं, पण मी कढई घासत राहिले.

मग फोन थांबले. मला वाटलं, संपलं.

"अगं."

"काय?"

"मास्तर शेवटचे आले होते, त्या दिवशी तू पायरीवर होतीस ना?"

माझ्या हातातलं भांडं तसंच राहिलं.

"तेव्हाही येत होता का तो आवाज?"

उभ्या जन्मात मी ह्यांच्याशी कधी खोटं बोलले नाही. जे काय असेल ते तोंडावर, आणि तेही शेजारच्या घरात ऐकू जाईल असं. आता मी त्यांच्याकडे पाठ करून उभी होते. समोर नळ वाहत होता. मी 'हो' म्हटलं. इतकं हळू म्हटलं, की माझं मलाच जेमतेम ऐकू आलं.

"काय म्हणालीस?"

मी नळ बंद केला आणि वळले. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"काही नाही," मी म्हटलं. "चहा ठेवते."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. मान हलवली, फोन पालथा ठेवला, आणि उठून बाहेर गेले. ह्या वेळी चपला घातल्या.

मी गॅस पेटवला. खिडकीतून अंगण दिसत होतं. सकाळच्या खुर्च्या तशाच मांडलेल्या होत्या. त्यांनी तीन मिटल्या आणि एकावर एक रचून शेडमध्ये नेऊन ठेवल्या. मास्तरांच्या खुर्चीपाशी आले. सदऱ्याच्या बाहीनं तिच्यावरची धूळ पुसली, तीही मिटली आणि काखेत धरली. मग फाटक उघडलं.

गल्लीच्या त्या टोकाला मास्तरांच्या बायकोनं नुकताच दिवा लावला होता. हे भिंतीच्या कडेकडेनं तिकडे निघाले होते. एका काखेत खुर्ची, आणि दुसरा हात भिंतीवर टेकवत, हळूहळू.

चहाला उकळी आली होती. मी गॅस बंद केला.